होयबाचं कारंजं

मी अकरा वर्षं कारंजं चालवते आहे आणि ते आजपर्यंत समोरून एकदाही पाहिलेलं नव्हतं. हसू नका. हसायचंच असेल तर पुढे बरीच जागा आहे.

बागेच्या मधोमध मोठं गोल कारंजं आहे. त्याच्या खाली जमिनीत पंपघर, पंपघरात एक खुर्ची आणि खुर्चीत मी. वर पाणी नाचतं, दिवे रंग बदलतात, गाणी वाजतात, लोक 'आहाहा' करतात. मला फक्त तो 'आहाहा' ऐकू येतो, तोही पायऱ्यांवरून ठेचकाळत खाली आलेला. माझ्या आधी इथे जे इंजिनियर होते त्यांना सगळे चष्मेवाले म्हणायचे, कारण एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर ठेवून ते तिसरा शोधत असायचे. जाताना त्यांनी भिंतीवर एक कागद चिकटवला: खुर्ची सोडू नये. अकरा वर्षांत डिंक सुकला, कागद पिवळा पडला, पण पठ्ठ्या खाली पडायचं नाव घेत नाही.

खुर्ची का सोडू नये, तर कारंज्याचा कॉम्प्युटर आहे वर तिकीटघरात, कोरड्या कपाटात. माझ्यासमोर असतं ते नुसतं टर्मिनल, म्हणजे एक पडदा, एक कीबोर्ड आणि वर गेलेली वायर. पंपघर ओलसर, पायऱ्या निसरड्या. म्हणून दार उघडं टाकून जायचं नाही, आणि बाहेरून कडी घातली की टेबलाची वीज आपोआप जाते. वीज गेली की टर्मिनल गेलं. टर्मिनल गेलं की वरच्या कॉम्प्युटरला वाटतं, बाईने फोन आपटला! मग त्या टर्मिनलवरून सुरू केलेलं सगळं, पाणी, दिवे, गाणी, एका फटक्यात आडवं. शिवाय चष्मेवाल्यांचा प्रोग्राम दर गाण्यानंतर पडद्यावर विचारतो, 'पुढचं सोडू?' मी 'हो' टाइप केलं तरच पुढे सरकतो. असा आज्ञाधारक नवरा मिळाला असता तर मी लग्न केलं असतं.

आता आईचं सांगते. मी घर सोडून या गावात आले त्याला अकरा वर्षं झाली, आणि या अकरा वर्षांत आई एकदाही आली नव्हती. का? तर 'मी घराबाहेर पडले की घर बंद पडतं.' मागच्या आठवड्यात मी तिला फोनवर इतकं झापलं, इतकं झापलं, की आज सकाळी अकरा वाजता बाई बागेच्या फाटकात हजर. हातात पिशवी, पिशवीत परतीचं तिकीट. संध्याकाळी सातची गाडी.

"साडेपाचचा खेळ बघ आणि जा," मी म्हटलं. "पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली आहे."

"आणि तू?"

"मी खाली. पंपघरात."

आईने पिशवी खाली ठेवली. "म्हणजे मी एवढी सहा तास हाडं खिळखिळी करून आले ती एकटीने पाणी बघायला? पाणी घरी नळाला येतं. तुझ्या शेजारी बसून बघायचं असेल तर बघते, नाहीतर दुपारच्या गाडीने चालले."

ती खरंच गेली असती. माझा राग मला आकाशातून मिळालेला नाही.

म्हणून मी बारा वाजता ठरवलं की साडेपाचच्या आत या कारंज्याला माझ्याशिवाय चालायला शिकवायचं. आईला पंपघरात स्टुलावर बसवलं. वर माळीकाकांना उभं केलं. त्यांचा आवाज असा की झाडांना पाणी न घालता नुसतं ओरडले तरी ती वाढतील.

बसल्या बसल्या आईचा फोन वाजला. बाबा.

"साखर? मोठ्या डब्याच्या मागे. मागे, पुढे नाही. ठेवते." फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "हं, सांग. अडतंय कुठे?"

कडी, वीज, फोन आपटणं, 'पुढचं सोडू?', सगळं मी तिला सांगितलं. "हे बघ," मी म्हटलं, "या टर्मिनलवरून जे जे सुरू होतं त्या सगळ्याला मिळून सेशन म्हणतात. एक घर समज. घरात टोळ्या असतात, त्यांना ग्रुप म्हणतात. पाणी, दिवे, गाणी हा एक ग्रुप. पंप तापतोय का ते बघणारा दुसरा ग्रुप. प्रत्येक ग्रुपला एक म्होरक्या असतो आणि त्याचा जो नंबर तोच अख्ख्या ग्रुपचा नंबर."

"आडनाव."

"हो, आडनावच! आणि टर्मिनलकडून उत्तर घ्यायचा मान एका वेळी एकाच ग्रुपला. तो पुढचा ग्रुप. बाकीच्यांनी मागे बसून गुपचूप काम करायचं. मागच्याने मध्येच उत्तर मागितलं तर त्याच्या अख्ख्या ग्रुपला जागच्या जागी उभं करतात."

"तुझे बाबा बातम्या बघतात तेव्हा आपल्याकडे असंच असतं," आई म्हणाली. तिला सगळं समजलं होतं. मला कॉलेजात हे समजायला दोन महिने लागले होते.

पहिला डाव सोपा होता. खेळाच्या ग्रुपला मागे बसवायचं आणि आपण उठायचं. मी तसं केलं. वर पाणी सुरू झालं, गाणं सुरू झालं, मी आईला टाळी दिली. गाणं संपलं. मागे बसलेल्या प्रोग्रामने सवयीप्रमाणे विचारलं, 'पुढचं सोडू?' आणि संपलं! मागे बसून उत्तर मागतोस काय? अख्खा ग्रुप थिजला. नळ्या होत्या तशा अडकल्या.

"अहो बाई!" वरून माळीकाका गरजले. "मधली धार सरळ उभी राहिली आहे! लाल दिव्यात! खाली यायचं नावच घेत नाही! लोक फोटो काढायला लागलेत!"

आई हसता हसता स्टुलावरून घसरली. मी तिला उचलायला गेले तर मलाही हसू फुटलं, आणि मग आम्ही दोघी ओल्या फरशीवर बसून अशा हसलो की वरून माळीकाका विचारायला लागले, कोणाला शॉक बसला का.

तेवढ्यात फोन. आता दादा. "इस्त्री कपाटाच्या खाली. अरे खाली म्हणजे आत नाही, खाली. आणि गरम असताना गुंडाळू नकोस." फोन ठेवला. डोळे पुसले. "दोन गोष्टी झाल्या," आई बोटांवर मोजत म्हणाली. "एक, त्याला कोणीतरी 'हो' म्हणणारं पाहिजे. दोन, फोन आपटला तरी पडणार नाही असं घर पाहिजे. वेगळं."

"वेगळं सेशन," मी म्हटलं. "त्याची सोय आहे. प्रोग्रामने नुसतं सांगायचं, मी नवीन सेशन मांडतोय. मग त्याचा या टर्मिनलशी काही संबंध उरत नाही. इकडे वीज जाऊ दे, फोन आपटू दे, त्याला पत्ताही लागत नाही."

"मग अकरा वर्षं काय केलंस?"

काय सांगणार? सुचलं नाही म्हणणं खोटं झालं असतं. खरं सांगायचं तर मला आवडायचं. मी खुर्चीतून उठले की सगळं कोसळतं, याची मला मनातून ऐट होती. बागेत येणारं कोणीही 'कारंजं कोण चालवतं' म्हणून विचारी आणि माळीकाका खाली बोट दाखवीत, तेव्हा मी खाली एकटीच फुगत असे. हे आईला मी सांगितलं नाही. "वेळ मिळाला नाही," म्हटलं.

चष्मेवाल्यांच्या प्रोग्रामच्या सुरुवातीलाच मी नवीन सेशनची ओळ घातली आणि ऐटीत सुरू केला. पडद्यावर आलं: परवानगी नाही.

"परवानगी नाही?" माझं डोकंच फिरलं. "अरे, मालकीण मी! तुझ्या सगळ्या चाव्या माझ्याकडे! मला परवानगी नाही म्हणतोस?" मी टेबलावर हात आपटला. टेबलाला काही झालं नाही, हाताला झालं.

तीन वाजले होते. मी मॅन्युअल काढलं, जाडजूड, कोपऱ्यांना बुरशी आलेलं. त्यात सरळ लिहिलं होतं आणि मी नेमकं तेवढंच विसरले होते. जो आधीच एखाद्या ग्रुपचा म्होरक्या आहे, त्याला नवीन सेशन मांडता येत नाही. मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

"का पण?"

"कारण ग्रुप त्याच्या नंबरवर चालतो ना. तो उठून वेगळ्या घरात गेला आणि त्याच्या नंबरची बाकीची मंडळी जुन्या घरात राहिली, तर एकच ग्रुप दोन घरांत फाटेल. ते चालत नाही. म्हणून म्होरक्याला जाताच येत नाही. टर्मिनलवरून काही सुरू केलं की ते आपोआप म्होरक्या होतं, म्हणून माझा प्रोग्राम अडकला."

फोन वाजला, आईने तो वाजू दिला, मग घेतला. "दूध वर आलं तर गॅस बंद करायचा. हो, मी नसले तरी बंदच करायचा." फोन मांडीवर ठेवून ती त्याच्याकडेच बघत होती.

"म्होरक्याला जाता येत नाही," ती म्हणाली. "कळलं मला. चांगलंच कळलं."

एवढ्यात तिने मान वर केली. "पण पोरीला पाठव ना! पोर कुठे म्होरक्या असते?"

"काय?"

"अगं, तू गेलीस तशी. मला नाही जमलं. तुला कोणी अडवलं? तुझ्या जिवावर घरात काहीच अडलेलं नव्हतं. उठलीस आणि गेलीस. इथे येऊन आपलं घर मांडलंस."

मी उडालेच! नुकतंच मॅन्युअलचं पान उलटलं होतं, आणि त्या पानावर अगदी हेच लिहिलं होतं. प्रोग्रामने आधी एक मूल जन्माला घालायचं. मूल आईच्याच ग्रुपमध्ये असतं, पण त्याचा स्वतःचा नंबर वेगळा, त्यामुळे ते कोणाचाच म्होरक्या नसतं. मग ते खुशाल नवीन सेशन मांडू शकतं. आईने तिथेच थांबायचं.

"थांबायचं म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे… संपायचं."

"अरे वा! आईने मरायचं का?"

"मरायचं नाही गं! तिचं काम संपतं. सुट्टीवर जाते असं समज."

"सुट्टीवर," आई म्हणाली. कोणी नवीन कापड बोटांत घेऊन बघतं तसा तो शब्द तिने उच्चारला. "हे बरं आहे. लिही तू."

मी लिहायला बसले. माझी बोटं अशी पळत होती की मलाच त्यांच्या मागे धावावं लागत होतं. राहिला होता 'हो' म्हणणारा. त्याची तर गंमतच आहे. या कॉम्प्युटरमध्ये एक इवलासा प्रोग्राम असतो, त्याला एक शब्द दिला की तो तोच शब्द म्हणत सुटतो. हो, हो, हो, हो. कोणी थांबवेपर्यंत. ना विचार, ना कुरकुर.

"मी नोकरीत होते तेव्हा ऑफिसात असा एक होता," आई म्हणाली. "त्याला आम्ही होयबा म्हणायचो. साहेब झाला पुढे."

मग याचंही नाव होयबा. त्याला जुन्या घरात ठेवला असता तर टर्मिनल गेल्याबरोबर तोही गेला असता, म्हणून मुलीने स्वतःचं घर मांडल्यावर त्याला तिथेच बोलवायचं अशी व्यवस्था केली. तिथेच पाणी, तिथेच दिवे, तिथेच गाणी. सगळे नव्या ग्रुपात, मुलीच्या नंबरवर.

चार वाजून चाळीस मिनिटांनी मी सुरू केलं. परवानगीचं काही आलं नाही. वर गाणं वाजायला लागलं. पडद्यावरून मी नव्या ग्रुपचा नंबर पेनाने तळहातावर उतरवला आणि त्याच्या आधी एक ठळक उणे चिन्ह काढलं.

"उणे कशाला?"

"सगळ्या ग्रुपला एकदम थांबवायचं असेल तर नंबराच्या आधी उणे द्यायचं. नाहीतर निरोप एकट्या म्होरक्यालाच जातो. एकदा सगळा खेळ थांबवताना माझ्याकडून असंच उणे राहिलं. म्होरक्या होतं गाणं, तेवढं बंद पडलं आणि पाणी वीस मिनिटं मुक्याने नाचत राहिलं. पेपरात आलं, 'धाडसी नवा प्रयोग.'"

आता खरी परीक्षा. आम्ही दोघी बाहेर आलो. मी दार लावलं. कडी घातली. आत टेबलावरचा दिवा गेला, हे दाराच्या फटीतून दिसलं. मी डोळे गच्च मिटले आणि आईचा दंड धरला.

"चालू आहे!" माळीकाकांचा आवाज आला. "अहो बाई, तुम्ही बाहेर आणि पाणी चालू! भुताटकी झाली!"

मी नाचले. बागेच्या मधोमध, या वयात, दोन्ही हात वर करून नाचले, आणि आई पिशवी छातीशी धरून गोल गोल फिरली. माळीकाका पाइप हातात घेऊन आमच्यात घुसले आणि तिघेही भिजलो. मग आत जाऊन मी तो चाचणीचा खेळ थांबवला आणि बरोबर साडेपाचला खरा खेळ सुरू केला. नवा नंबर तळहातावर, उणे चिन्हासकट. कडी घातली. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या. एकीत आई, एकीत मी. कारंज्याच्या कडेला माळीकाका, त्यांच्या हाताशी पाणी तोडायचा लाल दांडा, काही झालंच तर.

काय सांगू तुम्हाला! अकरा वर्षं मी ज्याला 'तीन नंबरची नळी' म्हणत होते, ती म्हणजे एक निळी कमान होती! सात नंबर म्हणजे तुषार, इतके बारीक की पलीकडची माणसं पुसट व्हायची. मी आईला सारखी कोपराने ढोसत होते, "हे मी सोडलं! हे बघ, हेही मीच!" आणि लोकांनी 'आहाहा' केलं तेव्हा त्यात माझाच आवाज सगळ्यात मोठा होता.

दुसऱ्या गाण्यात आईचा फोन वाजला. बाबांचा आवाज मलाही ऐकू येत होता, कारण बाबा फोनवर बोलताना मधल्या अंतराचा विचार करून बोलतात.

"दूध बाहेरच राहिलं, चालेल का?"

आईची नजर पाण्यावरून हलली नाही. "हो," ती म्हणाली.

"निळा शर्ट पांढऱ्यांबरोबर टाकू?"

"हो."

मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे चमकत होते. तिने मला डोळा मारला. माझ्या आईने!

"गॅस मोठाच ठेवू?"

"हो."

"अगं, मग आज येतच नाहीस की काय?"

"हो," आई म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

तिसरं गाणं. चौथं. पाचवं, शेवटचं. सगळ्या नळ्या एकदम वर गेल्या, सगळे दिवे पांढरे झाले, लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, आणि पाणी खाली बसलं. मी हुश्श केलं. मग पाणी पुन्हा उठलं. निळी कमान. पहिलं गाणं.

मी कपाळावर हात मारला. शेवटच्या गाण्यानंतर प्रोग्राम विचारतो, 'पुन्हा पहिल्यापासून?' तिथे मी अकरा वर्षं 'नाही' टाइप करत आले होते. होयबाला 'नाही' कुठे येतं? लोकांना वाटलं, आज खास खेळ आहे. ते परत खाली बसले. मी आत जाऊन नंबर टाकायला म्हणून उठले आणि तळहात बघितला. तुषारांनी शाई धुऊन गेली होती. उणे तेवढं शिल्लक होतं. त्याचं काही मोठंसं नव्हतं, नंबर पडद्यावर पुन्हा शोधता आला असता.

"अगं," आईने माझा हात धरला. तिचा चेहरा बदलला होता. "शेवटी काय विचारलं त्यांनी?"

"आज येत नाहीस का म्हणून."

"आणि मी काय म्हणाले?"

"हो म्हणालीस."

"बाई गं!" तिने तोंडावर हात ठेवला. सव्वासहा वाजले होते, सातची गाडी अजून मिळाली असती. तिने फोन हातात घेतला. मग मांडीवर ठेवला. "थांब," ती म्हणाली. "आता वाजेल. निळ्या शर्टाचा रंग बाकीच्यांना लागला की वाजेल."

आम्ही वाट बघितली. दुसरं गाणं झालं. तिसरं झालं. आई पाणी बघत नव्हती, फोनच बघत होती. तिने एकदा तो कानाला लावून पाहिला, बंद तर पडला नाही ना म्हणून. बंद नव्हता. चौथ्या गाण्याला तिने तो उलटा ठेवला, पाचव्याला पुन्हा सुलटा केला. सगळ्या नळ्या वर गेल्या, दिवे पांढरे झाले, पाणी खाली बसलं आणि तिसऱ्यांदा उठलं.

"नाही वाजत गं," आई म्हणाली.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते ओळखीचं होतं. कडी घातल्यावर माळीकाका 'चालू आहे' म्हणून ओरडले, तेव्हा मी नाचले खरी, पण नाचायच्या आधी एक क्षण माझ्याही छातीत असंच काहीतरी दुखलं होतं. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता आईला सांगितलं. खुर्चीबद्दलही सांगितलं, मला ती आवडायची हेही सांगितलं.

आईने फोन पिशवीत टाकला, तिकिटाच्या शेजारी, आणि पिशवी खुर्चीखाली सरकवली.

"अहो बाई!" माळीकाका पलीकडून ओरडले. "दांडा ओढू का? हे काही आपणहून थांबत नाही!"

मी आईकडे बघितलं. "थांबवायला जाऊ?"

"बस," आई म्हणाली. "मगाशी मी तुझं कारंजं नीट बघितलंच नाही."

मी बसले.